प्रिंटवर मी नंबर का टाकत नाही

गेल्या रविवारी एका काकांचा फोन आला. दोन वर्षांपूर्वी त्यांनी माझ्याकडून वाईजवळच्या मेणवलीच्या घाटाचं जलरंगातलं चित्र घेतलं होतं. ओरिजिनल, १८,००० रुपयांना. एरवी तब्येतपाण्यापासून सुरुवात करणारा माणूस, पण त्या दिवशी थेट मुद्द्यावर. "ताई, भाच्याच्या नव्या फ्लॅटमध्ये आमचंच चित्र लागलंय. १,२०० ला मिळालं म्हणतो. मग आम्ही अठरा हजार कशाचे मोजले?"

भाच्याकडची ती माझ्याच चित्राची छापील प्रत, म्हणजे प्रिंट. कायद्याचं उत्तर माझ्याकडे तयार होतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्र विकलं म्हणून त्याचा कॉपीराइट जात नाही, तो वेगळा लिहून द्यावा लागतो. (ऑर्डरच्या कामाचं उलटं आहे बरं का. कुणाच्या सांगण्यावरून, पैसे घेऊन चित्र काढलं आणि वेगळं काही ठरलेलं नसेल, तर कॉपीराइटचा पहिला हक्क ऑर्डर देणाऱ्याचा. पोर्ट्रेट करणाऱ्यांनो, ऑर्डर घेतानाच एक ओळ लिहून घेत जा.) पण काकांना कलमं ऐकवायला जीभ रेटेना. कारण चित्र देताना "याच्या प्रिंट निघतील" हे मी बोललेच नव्हते. तिथे चूक माझीच.

म्हटलं, भाच्याला फ्रेम घेऊन बोलवा, मीही येते.

चहाच्या टेबलावर दोन्ही शेजारी शेजारी ठेवली. हे चित्र जानेवारीतलं. सकाळी सातला घाटावर बसले होते, कृष्णेवर धुकं, बोटं आखडलेली. मेणवलीच्या पायऱ्या काळ्या दगडाच्या, पण ट्यूबमधला काळा मी त्यांना लावत नाही, निर्जीव दिसतो. अल्ट्रामरीन (निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) एकत्र करते. ओल्या कागदावर हे दोघं थोडे फुटतात, अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत जाऊन बसतात आणि दगडाला जो खरखरीतपणा येतो तो मी काढलेला नसतोच. थंडीत वॉश, म्हणजे रंगाचा पातळ हात, सुकायला वेळ लागतो, तेवढीच मुभा मिळते. हेच एप्रिलमध्ये करायला गेलं की अर्ध्या आभाळातच रंग सुकून कडा धरतो. नदीवरची चमक म्हणजे तर नुसता सोडलेला कागद. आणि डाव्या कोपऱ्यात फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा एक डाग. ब्रशमधलं जास्तीचं पाणी अर्धवट सुकलेल्या वॉशवर टपकलं. पुसायला गेले असते तर कागदाचं साल निघालं असतं, म्हणून राहू दिला. काकू दोन वर्षं त्याला ढग समजत होत्या.

प्रिंटमध्ये तो डाग आला आहे. ते कण मात्र नाहीत. स्कॅनरचा उजेड कागदाचे खळगे सपाट करून टाकतो. पहिल्या प्रूफमध्ये, म्हणजे चाचणीच्या प्रतीत, धुकं गुलाबी आलं, दुसऱ्यात पायऱ्या हिरवट, तिसरं आम्ही स्क्रीनशी नाही तर दारात, दिवसाच्या उजेडात चित्राशी ताडून पाहिलं आणि पास केलं. कागद कॉटन रॅग, म्हणजे कापसाचा, शाई पिगमेंटची, म्हणजे रंगाच्या बारीक कणांची. डाय शाईत (विरघळलेल्या रंगाच्या) स्वस्त पडलं असतं, पण ती उन्हात लवकर उडते आणि शिव्या मला बसतात. एवढं करूनही ती प्रिंटच. चांगली प्रिंट, पण प्रिंट.

मग भाचा म्हणाला, "ताई, खाली १/५० असं लिहीत जा ना. लिमिटेड एडिशन म्हटलं की दुप्पट मिळतील."

१/५० म्हणजे पन्नासच प्रती निघणार, त्यातली ही पहिली. हा सल्ला मला महिन्यातून एकदा तरी मिळतो, आणि माझं डोकं इथेच फिरतं.

नंबराला अर्थ होता, आजही आहे, पण हाताने छापलेल्या कामात. ड्रायपॉइंटमध्ये तांब्याच्या पत्र्यावर सुईने ओरखडतात. ओरखड्याची उठलेली कड शाई धरून ठेवते, म्हणून रेघ मखमली येते. प्रेसखाली ती कड दबत जाते. तिथे तिसरी प्रत आणि चाळिसावी प्रत खरोखर वेगळी असते. शिळाछापाचे (दगडावर चित्र काढून छापायचे) दगड तर काम झालं की घासून पुढच्या चित्राला घेत, म्हणजे आधीच्याची आणखी प्रत निघणंच बंद. रविवर्म्यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत निघाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथे रंगागणिक वेगळा दगड लागायचा, आणि एवढा खटाटोप कशासाठी, तर लक्ष्मी-सरस्वती घरोघर पोचाव्यात म्हणून. आमच्या आजीकडे तशीच एक लक्ष्मी होती, साडीला खरी जर आणि टिकल्या चिकटवलेली. ती कितवी प्रत आहे हे आजीने कधी विचारलं नाही.

माझी प्रिंट फाइलमधून निघते. पन्नासावी आणि पाचशेवी हुबेहूब. फाइल हार्डडिस्कवर ठेवून "फक्त पन्नास" म्हणायचं म्हणजे साड्यांच्या दुकानावरचा "शेवटचे दोन दिवस" हा बोर्ड, जो दिवाळीपासून होळीपर्यंत हलत नाही. जे खरोखर पन्नासावर थांबतात त्यांच्याबद्दल तक्रार नाही. माझा स्वतःवर तेवढा विश्वास नाही, एखादी घासाघीस न करणारी एकावन्नावी मागणी आली तर मी छापेन.

पेन्सिलीने सही मात्र करते. सावळाराम हळदणकरांचं ते दिवा घेतलेल्या बाईचं चित्र आठवा, म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधलं. जलरंगातलं आहे. त्याच्या प्रती इतक्या फिरल्या की अर्ध्या जगाला ते रविवर्म्याचं तैलचित्र वाटतं. प्रत फिरावी, पण नाव घेऊन फिरावी.

पैशांचं विचाराल तर १,२०० मधले ४५० छपाई आणि कागदाला जातात, १५० नळकांडं आणि कुरिअरला. उरलेल्यात माझे रंग सुटतात. ओरिजिनल गॅलरीतून गेलं तर साधारण तिसरा हिस्सा ते निम्मं कमिशन, त्यामुळे तिथेही फार हुरळून जाण्यासारखं नसतं.

काका चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ पायऱ्यांवर नाक टेकवून होते. मग म्हणाले, "फरक आहे. पण आधी सांगायला हवं होतं." हो, हवं होतं. आता बिलावरच छापून घेतलंय: या चित्राच्या प्रिंट निघतील. ज्यांना नको असतील त्यांनी घेण्याआधी बोला, तसं लिहून देईन, किंमत मात्र वाढेल.

वाईच्या मधल्या आळीचं नवं चित्र बोर्डवर सुकतंय. ओरिजिनल हवं असेल त्यांनी इनबॉक्समध्ये या. प्रिंट निघणार आहेत, आत्ताच सांगून ठेवते.