लग्नाला गेलेल्या पाहुण्याने हॉटेलबद्दल खरं लिहू नये, हा नियम कोणी केला?

आज सकाळी ताईचा फोन आला. ताई म्हणजे माझी नागपूरची मामेबहीण, जिच्या लेकीच्या लग्नाला आम्ही सगळे डिसेंबरात गेलो होतो. "तू त्या हॉटेलबद्दल गूगलवर काय लिहिलंयस? मालकाने ह्यांना फोन केला होता. आजच्या आज काढून टाक. आम्हाला तोंड दाखवायला जागा नाही ठेवलीस."

मी काय लिहिलं होतं ते आधी इथे देते, म्हणजे पुढचं वाचायच्या आधी तुम्हीच ठरवा. "लग्नासाठी राहिलो. चादरी, उशा स्वच्छ. खोल्या हवेशीर. रात्रपाळीचा कर्मचारी अतिशय चांगला. तिसऱ्या मजल्यावरच्या सगळ्या खोल्यांत इंडियन संडास, कमोड फक्त पहिल्या मजल्यावर. लिफ्ट रात्री अकरानंतर बंद. सकाळी लवकर गरम पाणी मिळालं नाही. गुडघ्यांचं दुखणं असलेल्या ज्येष्ठांसाठी खोली घेत असाल तर आधी विचारून घ्या." तीन स्टार.

यात एक तरी शब्द खोटा आहे? कोणाला शिवी आहे? लग्नघराचं, जेवणाचं, मानपानाचं नाव तरी आहे?

मालकाला रिव्ह्यूच्या खाली उत्तर लिहिता येतं. "तुमचं म्हणणं बरोबर आहे, दुरुस्ती करतो" किंवा "तुम्ही आधी सांगितलं नाहीत," काहीही लिहिता आलं असतं. ते न करता त्याने तारखेवरून लग्नघर शोधून काढलं आणि मुलीच्या बापाला फोन लावला. नुकतीच लेक सासरी पाठवलेल्या माणसाला "तुमच्या पाहुण्यांनी आमची बदनामी केली" म्हणून ऐकवलं. ज्याने सगळ्या खोल्यांचे पैसे आगाऊ मोजले त्याला! याचा मला जास्त संताप आला आहे. फोन मला करायचा होतास ना रे बाबा, रजिस्टरमध्ये माझा नंबर आहे.

आता मावशीबद्दल सांगते. माझी मावशी म्हणजे ताईची सख्खी आत्या. वय ७९. दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली. डॉक्टरांनी बजावलंय, उकिडवं बसायचं नाही. भाचीच्या मुलीचं लग्न म्हणून हौसेने पुण्याहून रात्रभर रेल्वेने आली, नवी पैठणी नेसायची म्हणून महिनाभर आधी ब्लाउज शिवून घेतला. रेल्वेच्या डब्यातसुद्धा एक कमोड असतो, तिथे ती माझा हात धरून जाऊन आली. हॉटेलात मात्र तिला तिसऱ्या मजल्यावरची खोली आणि इंडियन संडास. मी लगेच खाली गेले. काउंटरवर उत्तर मिळालं की पहिला मजला पूर्ण बुक आहे, अधिवेशन चालू आहे.

मान्य आहे, नागपुरात डिसेंबरात खोली मिळवणं सोपं नाही. १९५३ च्या नागपूर करारात ठरल्याप्रमाणे वर्षातलं एक अधिवेशन तिथे भरतं. आमदार आमदार निवासात राहतात, पण त्यांच्यामागून कार्यकर्ते, अधिकारी, पत्रकार, मागण्या घेऊन येणारी गावोगावची माणसं, सगळ्यांना टेकायला जागा लागते. त्यात लग्नसराई. ताईने त्या दिवसांत एवढ्या खोल्या एका ठिकाणी मिळवल्या हे तिचं कर्तृत्वच. ते मी तिला तेव्हाही म्हटलं होतं, आत्ताही म्हणते.

पण त्या रात्री सीमांतपूजनाच्या पंगतीत मावशीने मठ्ठा परत पाठवला. मठ्ठ्यासाठी जीव टाकणारी बाई. मला वाटलं थंडी आहे, घसा धरला असेल. मग बघितलं तर तिने पाण्याच्या भांड्यालाही हात लावला नव्हता. खोलीवर आल्यावर गोळी घ्यायला पाणी दिलं तर एक घोट घेतला आणि म्हणाली, "नको गं जास्त. रात्री उठावं लागतं."

म्हणजे दुपारी ती खोली बघितल्यापासून तिने मनाशी हिशेब केला होता. कोणाला सांगितलं नाही. लग्नघरात आपला त्रास कशाला, म्हणून पाणी पिणंच सोडलं.

हे वाचून तुम्ही मला सांगा, हे लिहायचं नाही?

"लग्नाचं घर आहे, सांभाळून घ्या" हे वाक्य मी जन्मभर ऐकत आले आहे. सांभाळून कोण घेतं? म्हाताऱ्या बायका घेतात. बाळंतपणाहून उठलेल्या, तान्ह्यांना घेऊन आलेल्या पोरी घेतात. पुरुषमंडळी एक ब्लँकेट कमी पडलं की खाली जाऊन आवाज चढवतात आणि त्यांना ब्लँकेट मिळतंही. बायका मात्र "असू दे" म्हणतात. आणि घरी आल्यावर त्याच हॉटेलच्या पानावर आपलाच कोणी भाचा लिहितो, "लग्नाला आलो होतो, फुल्ल धमाल, पाच स्टार." अरे, ती धमाल लग्नाची होती. हॉटेलने काय केलं ते लिही की! त्या पाच स्टारांवर विसंबून पुढचा मुलीचा बाप तिथे खोल्या घेतो आणि पुढची कोणाची तरी आत्या तिसऱ्या मजल्यावर जाते.

ताईने हेच हॉटेल का निवडलं माहीत आहे? रिव्ह्यू वाचून. तिने स्वतः मला सांगितलं होतं, "चांगलं आहे गं, चारच्या वर रेटिंग आहे." मी नंतर ते सगळे रिव्ह्यू खालपर्यंत वाचले. "मस्त." "छान." "गुड सर्व्हिस." नवरा-नवरीचे फोटो. पनीरच्या भाजीचं कौतुक. संडास, लिफ्ट, गरम पाणी यावर एक ओळ नाही. त्या शंभरातल्या एकाने जरी लिहिलं असतं की वरच्या मजल्यावर कमोड नाही, तर ताईने तेव्हाच खोल्यांची वाटणी वेगळी केली असती. ती तशी बाई आहे. तिला कळलं असतं तर तिने स्वतःच्या भावाला वर पाठवून आत्याला खाली ठेवलं असतं. ते तिच्यापर्यंत पोचलंच नाही, आणि आता मी ते लिहिलंय तर मीच ते पुसून टाकायचं.

गरम पाण्याचंही सांगते, कारण हॉटेलवाल्याचा म्हणे त्यालाही आक्षेप आहे. "आमच्याकडे चोवीस तास गरम पाणी आहे." गच्चीवर सोलर आहे, खरं आहे. पण सोलरचं कसं असतं, पाइपातलं पाणी रात्रभर गार होऊन बसलेलं असतं. आधी बादलीभर सोडून द्यावं तेव्हा कुठे कोमट येतं. एरवी गिऱ्हाइकं सहापासून दहापर्यंत मागेपुढे उठतात म्हणून भागतं. लग्नाच्या दिवशी सातला पुण्याहवाचन म्हटल्यावर सगळे मजले पाचलाच जागे. प्रत्येकाने एकेक बादली सोडली, एकेक वापरली की टाकी संपली. मग तिच्यात गार पाणी भरतं आणि ते तापवायला सूर्य अजून उगवायचाच असतो. नागपुरात डिसेंबरात पहाटेचा पारा १० अंशांच्या आसपास असतो, कधी खालीही जातो. त्या पाण्याने ७९ वर्षांच्या बाईने अंघोळ करायची?

लग्नाचं बुकिंग घेताना "विधी कितीला सुरू होणार" एवढं विचारलं असतं, तर वेळेआधी चार मोठी पातेली तापवून ठेवता आली असती. हे सांगायला कोणी इंजिनियर लागत नाही.

आणि ते केलं कोणी? रात्रपाळीच्या पोराने. वीस-बावीसचा असेल. मी पहाटे जिन्यात उभी होते, लिफ्ट बंदच होती. तो खाली बाकावर शाल गुंडाळून झोपला होता. मी नुसतं विचारलं, तर डोळे चोळत उठला, "थांबा न काकू, आणतो न जी," म्हणाला, आणि स्वयंपाकघरात गॅसवर पाणी तापवून तीन मजले बादली घेऊन चढला. मावशीची बादली ठेवली, मग शेजारच्या खोलीत तान्हं बाळ होतं त्यांना नेऊन दिली. पैसे देऊ केले तर आधी नको म्हणाला. मावशीने बळेच त्याच्या खिशात घातले आणि डोक्यावरून हात फिरवला.

रिव्ह्यूत मी त्याचं नाव लिहिलं नाही. गॅस वापरला म्हणून मालक त्यालाच बोलला तर? पण चांगला कर्मचारी आहे असं लिहिलंय ते त्याच्यासाठीच. त्या हॉटेलला मी दिलेल्या तीन स्टारांतले दोन त्याचे आहेत. रिव्ह्यू काढला तर तेही जातील.

हो, हेही कबूल करते की पाहुणे काहीही लिहितात. व्याह्यांना एसी खोली आणि आम्हाला पंखा, या रागाचा सूड हॉटेलवर काढणारे मी पाहिले आहेत. ते वाईटच. पण त्यासाठी खरं लिहिणाऱ्यांनी गप्प बसायचं हे मला पटत नाही. आणि "लग्नाच्या गर्दीत कुठल्याही हॉटेलची ओढाताण होते, तेवढ्यावरून ठरवू नये" असं माझा भाऊ म्हणतो. त्याचं थोडं बरोबर आहे. पण पुढचा वाचणारा तिथे लग्नासाठीच खोल्या घेणार असेल तर त्याला गर्दीतलंच कळायला हवं ना? सुट्टीच्या दिवशी रिकाम्या हॉटेलात कसं वाटतं ते कळून त्याला काय उपयोग?

चांगलं असतं तिथे मी तोंड भरून लिहिते. चिपळूणला मे महिन्यात एका लग्नाला गेलो होतो. साधं लॉज, एसी नाही, भिंतींना पोपडे. पण तिथल्या व्यवस्थापकांनी बुकिंगच्या वेळीच विचारलं होतं, मुहूर्त कितीचा, वयस्क माणसं किती, जिना चढवत नाही अशी किती. सगळ्या आज्या तळमजल्यावर. प्रत्येकीच्या न्हाणीत प्लास्टिकचं स्टूल. मागच्या अंगणात पहाटे बंब पेटवलेला. मी पाच स्टार दिले आणि हे सगळं लिहिलं, पोपड्यांसकट. ते वाचून माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीने तिच्या दिराच्या लग्नात तिथेच खोल्या घेतल्या. तेव्हा कोणी मला म्हटलं नाही की लग्नघरच्या पाहुण्याने लिहू नये. चांगलं लिहिलं की चालतं!

आपल्या लहानपणी पाहुण्यांना शेजाऱ्यांच्या घरी उतरवायचे, शाळेच्या वर्गात गाद्या घालायचे. गैरसोय तेव्हाही होती. पण शेजारच्या काकू रात्री येऊन विचारायच्या, आजींना काय लागतं, बाहेर जायला सोबत हवी का. आता ते विचारण्याचेही पैसे आपण हॉटेलला मोजतो. मग ते मिळालं की नाही हे बोलायला लाज कसली?

मावशीला पुण्यात आल्यावर लघवीची जळजळ सुरू झाली, ताप आला. डॉक्टरांनी विचारलं, पाणी कमी प्यायलात का? ती माझ्याकडे बघून गप्प बसली. ताईला आम्ही हे सांगितलं नव्हतं. मावशीनेच शपथ घातली होती, "पोरीच्या लग्नाला गालबोट नको." आज सकाळी फोनवर ताई माझ्यावर तोंडसुख घेत होती तेव्हा माझ्या जिभेवर आलं होतं. गिळलं. मग मावशीला फोन लावला आणि स्पष्ट म्हटलं, आता मी सांगणार. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "सांग, पण तिला रडवू नकोस."

मघाशी ताईला सांगितलं. ती रडलीच. "आत्या मला का नाही बोलली गं," एवढंच म्हणत राहिली. माझा सगळा राग तिथेच उतरला. ती माझी ताई आहे, चार महिने तिला धड झोप नव्हती, तिच्यावर मी कशाला चिडू? रिव्ह्यूचा विषय तिने परत काढला नाही. भावजी मालकाशी काय बोलायचं ते बोलतील.

रिव्ह्यू मी काढणार नाही. मालकाने एका खोलीत जरी कमोड बसवला, किंवा लग्नाच्या रात्री लिफ्ट चालू ठेवली, तर तेही त्याच ठिकाणी लिहीन आणि स्टार वाढवीन.

तुमच्यापैकी जे या मोसमात लग्नांना फिरताय त्यांना विनंती आहे, गाडीत बसल्या बसल्या पाच ओळी लिहा. कमोड आहे का, कितव्या मजल्यावर. लिफ्ट किती वाजेपर्यंत. पहाटे पाचला नळाला काय येतं. न्हाणीघरात धरायला कडी आहे का, फरशी निसरडी आहे का. वीज गेली तर जनरेटरवर काय काय चालतं. चेक-आउट दुपारी बाराला असेल आणि पंगत दोनला उठणार असेल तर सामान कुठे ठेवू देतात. यजमानांचं नाव नको, लग्नाचा फोटो नको, पोऱ्याची तक्रार असेल तर त्याचं नावही नको.

आणि फेब्रुवारीत आम्हाला साताऱ्याला लग्नाला जायचंय. खोल्या आम्हालाच बघायच्या आहेत. राजवाडा किंवा पोवई नाक्याच्या आसपास कोणी राहिलं असेल तर कमेंटमध्ये सांगा. मावशी येणार आहे.