विसरले गेले म्हणजे टाकाऊ होते का?

‘तेराव्या शतकातल्या थॉमस ॲक्वायनसनंतर कॅथलिक विचारात नवं काही घडलंच नाही. आधुनिक काळातली जी नावं आज कुणाला माहीत नाहीत, ती त्याच लायकीची होती. चांगली असती तर टिकली असती.’ तत्त्वज्ञानाची चर्चा निघाली की हा दावा हमखास कुणीतरी पुढे करतं. त्याच्या जोडीला आणखी तीन वाक्यं येतात: रोमनेच (म्हणजे पोपच्या चर्च-सत्तेने) त्यांना चुकीचं ठरवलं होतं, ते लिखाण मुळात भक्तिपर आहे, आणि लॅटिन-जर्मन आल्याशिवाय ते वाचताच येत नाही.

‘चांगले असते तर टिकले असते’

काय टिकतं हे बरंचसं अभ्यासक्रम ठरवतो. १८७९ मध्ये पोप तेरावे लिओ यांनी ‘एतेर्नी पात्रिस’ हे परिपत्रक काढून थॉमसच्या विचाराला शिक्षणात अग्रस्थान दिलं. १९१४ मध्ये रोमने २४ थॉमसवादी सिद्धान्तांची यादीच जाहीर केली. १९१७ च्या चर्च-कायद्यात, कलम १३६६ मध्ये, प्राध्यापकांनी थॉमसची पद्धत आणि तत्त्वं धरूनच शिकवावं असं आलं. सेमिनरीतली (धर्मगुरू घडवणाऱ्या शाळांतली) लॅटिन क्रमिक पुस्तकं एका साच्यातली असत: आधी सिद्धान्त, मग ‘विरोधक’, मग सिद्धता, शेवटी आक्षेपांना उत्तरं. आधुनिक लेखक भेटायचा तो बहुधा ‘विरोधक’ या मथळ्याखाली, ओळ-दोन ओळींत. तेवढ्यावर परीक्षा देता येत असेल, तर मूळ ग्रंथ कोण उघडणार?

काहींच्या वाट्याला तर याहून उघड कारणं आली. थॉमसच्या ज्ञानविचाराचं नवं वाचन करणारे पिएर रूसलो १९१५ मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, पहिल्या महायुद्धात मारले गेले. जर्मन तत्त्वज्ञ एडिथ स्टाइन यांचा ‘सान्त आणि शाश्वत अस्तित्व’ हा मोठा ग्रंथ १९३६ मध्ये लिहून तयार होता. त्या जन्माने ज्यू, म्हणून नाझी राजवटीत तो छापता आला नाही. १९४२ मध्ये आउशवित्झला त्यांचा खून झाला आणि ग्रंथ बाहेर आला १९५० मध्ये. याला गुणवत्तेची चाळणी म्हणायला मन धजत नाही.

‘रोमनेच त्यांना चुकीचं ठरवलं’

या मुद्द्यावर सगळ्यात जास्त गल्लत होते, म्हणून इटालियन धर्मगुरू आणि तत्त्वज्ञ अँतोनिओ रोस्मिनी (१७९७–१८५५) यांचं प्रकरण तारखांसकट बघू. चर्चच्या पाच जखमांवरचं त्यांचं पुस्तक १८४८ मध्ये छापलं गेलं. त्यात भाविक आणि धर्मगुरू यांच्यातली दरी आणि बिशपांच्या नेमणुकीत राजसत्तेचा हात हे विषय होते. १८४९ मध्ये ते निषिद्ध ग्रंथांच्या यादीत गेलं. १८५४ मध्ये त्यांच्या लेखनाची चौकशी होऊन ते दोषमुक्त ठरलं. त्यांच्या मृत्यूनंतर तीस वर्षं उलटल्यावर, डिसेंबर १८८७ च्या आदेशाने, त्यांच्या ग्रंथांतून काढलेल्या ४० विधानांचा निषेध झाला. १ जुलै २००१ ला कार्डिनल रात्झिंगर यांच्या सहीने व्हॅटिकनने कळवलं की त्या विधानांचा जो अर्थ निषिद्ध ठरला, तो रोस्मिनींच्या खऱ्या भूमिकेचा नव्हे. २००७ मध्ये त्यांना ‘धन्य’ (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं गेलं.

डेन्झिंगरच्या संग्रहात (चर्चच्या अधिकृत सिद्धान्तवचनांच्या क्रमांकवार संकलनात) ही विधानं ३२०१ पासून पुढे क्रमाने दिलेली आहेत. चूक होते ती तिथेच: ती ४० वाक्यं वाचायची आणि रोस्मिनी वाचले असं समजायचं. त्यांतली बरीच वाक्यं मृत्यूनंतर छापलेल्या, अपुऱ्या राहिलेल्या ग्रंथांतून उचललेली आहेत. म्हणून प्रत्येक विधान कुठल्या ग्रंथातलं ते आधी शोधावं, त्याच्या मागचं-पुढचं प्रकरण वाचावं, मग २००१ चं टिपण उघडावं. टिपण आधी वाचलं तर निकाल डोक्यात बसतो आणि मजकुराकडे नीट लक्षच जात नाही.

फ्रेंच तत्त्वज्ञ मोरीस ब्लॉन्देल यांच्यावर तर दोन्हीकडून मारा झाला. ‘कृती’ हा त्यांचा १८९३ चा पॅरिसच्या सोर्बोन विद्यापीठातला प्रबंध. विद्यापीठातल्यांना त्यात बुद्धीची स्वायत्तता धोक्यात दिसली, म्हणून सुरुवातीला त्यांना नोकरी नाकारली गेली. उलट बऱ्याच ईशज्ञानींना त्यात देवाची कृपा माणसाच्या गरजेतूनच काढल्याचा वास आला. एकाच पुस्तकावर असे उलटसुलट आरोप होतात तेव्हा ते स्वतः उघडून बघणं भाग आहे.

‘हे तत्त्वज्ञान नाही, भक्ती आहे’

स्टाइन यांचा समानुभूतीवरचा प्रबंध (जर्मन तत्त्वज्ञ हुसर्ल यांच्या हाताखाली, १९१६, छापील १९१७) घ्या. त्यात धर्माचा आधार कुठल्याच युक्तिवादाला नाही. त्या कॅथलिक झाल्या १९२२ मध्ये. प्रश्न साधा आहे: दुसऱ्याचा अनुभव मला कळतो म्हणजे नेमकं काय होतं? जर्मन तत्त्वज्ञ थिओडोर लिप्स म्हणत, दोरीवरचा कसरतपटू पाहताना आपण आतून त्याच्याशी एकरूप होतो. स्टाइन अडवतात: मी त्याच्यासोबत असते, पण तो होत नाही. त्याची हालचाल मला जणू आतून कळते, तरी ती माझ्या अंगात घडत नाही. पुढे त्या तीन टप्पे दाखवतात. दुसऱ्याचं दुःख आधी चेहऱ्यावर समोर येतं. मग मी त्यात ओढली जाऊन ते दुःख ज्याबद्दल आहे तिकडे वळते. शेवटी ते उलगडलेल्या रूपात पुन्हा माझ्यासमोर उभं राहतं. वाचताना एक अडचण येते. पहिलं, इतिहासाचं प्रकरण छापलंच गेलं नाही, पुस्तक दुसऱ्यापासून सुरू होतं. त्यामुळे भांडणाच्या मध्येच शिरल्यासारखं होतं. लिप्स यांचं म्हणणं आधी दोन पानं माहीत करून घेतलं की वाट मोकळी होते.

‘ॲक्वायनसनंतर नवं काही नाही’

बेल्जियन येशूसंघी धर्मगुरू जोसेफ मारेशाल यांनी जर्मन तत्त्वज्ञ कांटची पद्धत वापरूनच थॉमसच्या तत्त्वमीमांसेपर्यंत पोहोचता येतं का, हे तपासलं. त्यांच्या ग्रंथाच्या पाच खंडांपैकी (त्यांना ते ‘वह्या’ म्हणत) पाचवी १९२६ मध्ये आली आणि चौथी मृत्यूनंतर १९४७ मध्ये. क्रमाने वाचायचा हट्ट धरू नये. तिसरी (कांट) आणि मग पाचवी.

जर्मन येशूसंघी विचारवंत एरिक प्शिवारा यांचं ‘आनालोगिआ एन्तिस’ (म्हणजे ‘अस्तित्वाचं साधर्म्य’, १९३२) वाचताना बहुतेकांचा पाय एकाच जागी घसरतो: ‘साधर्म्य’ म्हणजे देव आणि सृष्टी सारखी, असं ते धरून चालतात. प्शिवारा मात्र १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेचं सूत्र धरून आहेत: निर्माता आणि निर्मिती यांच्यात कितीही साम्य दाखवा, त्याहून मोठा भेद दाखवावाच लागतो. प्रोटेस्टंट ईशज्ञानी कार्ल बार्थ यांनी त्याच वर्षी या कल्पनेला ख्रिस्तविरोधकाचा शोध म्हटलं. दगडावर डोकं आपटल्यासारखं वाटणारं हे पुस्तक आहे, पण ते सूत्र कागदावर लिहून शेजारी ठेवलं तर वाक्यं उलगडू लागतात.

‘भाषा आल्याशिवाय जमत नाही’

बारीक संशोधनाला भाषा लागतातच. सुरुवातीला लागत नाहीत: ब्लॉन्देल यांचा १८९३ चा प्रबंध इंग्रजीत १९८४ पासून आहे, प्शिवारा २०१४ पासून. ब्लॉन्देल यांच्या विचाराची धाटणी छोट्या लेखनातून कळते. १८९६ चं ‘पत्र’ आणि १९०४ चं ‘इतिहास आणि सिद्धान्त’ १९६४ मध्ये इंग्रजीत एकाच खंडात आले आहेत. तिथून प्रबंधाकडे जावं. मात्र फ्रेंच प्रत हातात घेताना जपा. ‘कृती’ याच नावाने त्यांनी १९३६-३७ मध्ये वेगळा ग्रंथ लिहिला आणि दोन्ही ग्रंथांतली उद्धरणं सर्रास एकमेकांच्या नावावर खपतात. ग्रंथ एका खंडात असेल तर तो १८९३ चा, दोन खंडांत असेल तर नंतरचा.