लेओव्हरमध्ये शहर बघायला जाऊ नका, एक जागा बघा

परवा एका मैत्रिणीचा मेसेज आला, इस्तंबूलला मधे नऊ तास आहेत, काय काय होईल? आणि खाली अकरा जागांची यादी. मी तिला फोनच लावला आणि अर्धा तास बोलत बसले. तेच इथे लिहितेय, कारण मला हे खरंच मनापासून वाटतं आणि लोक मोठ्या लेओव्हरची, म्हणजे दोन विमानांच्या मधल्या लांब थांब्याची, ही संधी दरवेळी धावपळ करून वाया घालवतात.

मी स्वतः तिथे एकदा नऊ तासांत चार जागा करायला गेले होते. एअरपोर्ट पार काळ्या समुद्राच्या बाजूला, जुनं शहर तिथून चाळीस किलोमीटरच्या वर, त्यात इमिग्रेशनची लाईन, मग बस, मग ट्रॅफिक. ब्लू मॉस्कला पोचले तर नमाजाची वेळ, त्या वेळात पर्यटकांना आत सोडत नाहीत. आया सोफियासमोर भली मोठी रांग. सन ५३७ पासून उभी असलेली इमारत, तिला मी बाहेरून दहा मिनिटं दिली, फोटो काढले आणि पुढच्या जागेचा रस्ता शोधायला लागले. परतताना बसमध्ये दर दोन मिनिटांनी घड्याळ बघत होते. फ्लाइट मिळाली, पण आज मला विचाराल तर त्या शहरातलं काय आठवतं, तर मॅपवरचा निळा ठिपका. मला याचं अजूनही वाईट वाटतं.

म्हणून आधी हिशोब करा, आणि तो खरा करा. समजा लेओव्हर आठ तासांचा आहे. विमान थांबून, इमिग्रेशन होऊन बाहेर पडेपर्यंत सव्वा-दीड तास जातो. फ्लाइटच्या अडीच-तीन तास आधी परत यायला हवं, कारण सिक्युरिटी आणि इमिग्रेशन पुन्हा पहिल्यापासून करायचं असतं, हे लोक विसरतातच. उरले साडेतीन-चार तास, त्यातून जाण्यायेण्याचा वेळ काढा. हातात राहतात जेमतेम दोन-अडीच तास. एवढ्यात एक जागा होते, आणि छान होते.

नारिताला मी हेच केलं. टोकियोच्या नावाखाली तिकीट असलं तरी हा एअरपोर्ट टोकियोपासून साठ किलोमीटर लांब आहे, आणि मला फक्त आठ तास होते. सगळे म्हणाले, फास्ट ट्रेन आहे, टोकियोतलं शिबुया तरी करून ये. नाही गेले. एअरपोर्टवरून दहा मिनिटांवर नारिता गावाचं स्टेशन, तिथून साधारण आठशे मीटरचा जुना उतरता रस्ता, लाकडी घरांच्या मधून, आणि शेवटी नारितासान मंदिर. सन ९४० मध्ये स्थापन झालेलं. दाराजवळ एक छोटं तळं आहे, त्यातल्या दगडांवर कासवं एकमेकांच्या पाठीवर चढून ऊन खात होती, मी तिथेच दहा मिनिटं उभी होते आणि कुठे जायची घाई नव्हती.

मोठ्या सभामंडपात बूट काढून बसले. थोड्या वेळाने प्रचंड मोठा ढोल वाजायला लागला, असा की आवाज छातीत घुमत होता, आणि भिक्षूंनी समोर अग्नी पेटवून मंत्र म्हणत समिधा टाकायला सुरुवात केली. या विधीला तिथे गोमा म्हणतात. हा शब्द आपल्या होमावरून गेलेला आहे! देवता फुदो म्योओ, म्हणजे संस्कृतातला अचल. मला हे आधी काहीच माहीत नव्हतं, विधी बघताना अंगावर काटा आला तो अनोळखी वाटल्यामुळे नाही, तर ओळखीचं वाटल्यामुळे. विधी संपल्यावर लोक आपापल्या पर्स, पिशव्या घेऊन रांगेत उभे राहिले, भिक्षू ती वस्तू ज्वाळांवर क्षणभर धरून परत देत होते. मीही पाठीवरची सॅक दिली, ज्यात पासपोर्ट, चार्जर, बदलायचा टीशर्ट एवढंच होतं. त्या माणसाने ती दोन्ही हातांनी घेतली आणि दोन्ही हातांनीच परत दिली.

टोकियो राहिलं, राहू दे.

आता काही कामाच्या गोष्टी, भराभर सांगते. तुमच्या पासपोर्टवर त्या देशात बाहेर पडता येतं का हे तिकीट काढायच्या आधी बघा, आणि अमेरिकेत तर नुसतं विमान बदलायलासुद्धा इमिग्रेशन करून बॅग स्वतः उचलावी लागते. दोन वेगवेगळी तिकिटं असतील तर पहिलं विमान लेट झाल्यावर दुसऱ्याची जबाबदारी सहसा कोणी घेत नाही, अशा वेळी बाहेर पडायचा मोह टाळा. पुढची फ्लाइट त्याच एअरपोर्टवरून आहे ना हेही वाचा, नारिता आणि हानेदा दोन्ही टोकियोच म्हणून दाखवतात. सिंगापूरच्या चांगी एअरपोर्टवर साडेपाच तासांपेक्षा जास्त वेळ असेल तर शहराची फुकट टूर मिळते, तुर्किश एअरलाइन्सचीही तशी टूर आहे, नवख्या माणसासाठी उत्तम, कारण परत आणून सोडायचं बघणारं कोणीतरी असतं.

आणि पाच तासांच्या आत असेल, किंवा सोबत म्हातारी माणसं, लहान मुलं असतील तर बाहेर पडूच नका. आंघोळ करा, पाय लांब करून झोपा. कोणी म्हणेल एवढ्या लांब जाऊन एअरपोर्टवरच बसलात? म्हणू दे. थकलेल्या आईला तीन तास शांत झोप मिळाली तर त्या लेओव्हरचं यापेक्षा चांगलं दुसरं काही होऊ शकत नव्हतं.

मैत्रिणीने शेवटी अकरातून एकच ठेवली, आया सोफिया. माझं बघायचं राहिलेलं ती बघणार.

मला पुढच्या महिन्यात दोहाला साडेआठ तास आहेत. तिथलं इस्लामिक आर्टचं म्युझियम ठरवलंय, आर्किटेक्ट आय. एम. पे यांनी ऐंशीच्या पुढच्या वयात डिझाइन केलेलं, पाण्यात भर घालून केलेल्या बेटावर. एअरपोर्टवरून मेट्रो आहे. कोणी जाऊन आलं असेल तर सांगा, दोन तासांत एखादा मजला नीट बघून होतो का, आणि कुठल्या मजल्यापासून सुरुवात करू?