पर्यावरण रविवार कसा पाळावा: मंडळीसाठी सूचना

प्रभूमधील प्रिय बंधुभगिनींनो, पाच जूनच्या जवळचा रविवार अनेक चर्चच्या मंडळ्या पर्यावरण रविवार म्हणून पाळतात. आपणही यंदा पाळला. पुढच्या वर्षी उपयोगी पडाव्यात म्हणून या चार सूचना.

सर्वांत आधी फ्लेक्स छापा. पृथ्वीला आपण वाचवतोय हे तिला कळायला नको? तळहातावर पृथ्वीचा गोळा, पाळकसाहेब, सेक्रेटरी, खजिनदार आणि सगळे शुभेच्छुक मावतील एवढा हवा. जागा उरलीच तर खाली ‘प्लास्टिक टाळा’ लिहा. १०० मायक्रॉनपेक्षा पातळ प्लास्टिकच्या बॅनरवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे, असं कोणी म्हणालं तर त्याचाही फोटो फ्लेक्सवर घ्या. गप्प बसेल.

रोप काळ्या पिशवीसकट लावा. फोटोत दिसत नाही.

ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी झावळ्यांना चकचकीत रिबन बांधा. त्याच झावळ्या वर्षभर जपून, जाळून, उपासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी ती राख कपाळाला लावायची जुनी रीत आहे. रिबनचा धूर जुन्यांच्या नशिबी नव्हता, आपल्या आहे.

चारचाकीतून एकेकटे या. इंदिरानगरहून येणाऱ्या म्हाताऱ्या बाईंना सोबत घेतलं तर वाटेत बोलावं लागतं.

आता प्रीतिभोजन. इथे मात्र हात आखडता घेऊ नका. सकाळी उपदेश पाच भाकरी आणि दोन माशांवर ठेवा. पाच हजार पुरुष जेवल्यावर प्रभूने उरलेले तुकडे गोळा करवले, बारा टोपल्या भरल्या, हे ऐकून माना डोलवा. मग हॉलमध्ये जाऊन ताटभर पुलाव घ्या, चार घास खा आणि ताट खुर्चीखाली सरकवा. पाण्याची छोटी बाटली फोडा, दोन घोट प्या, ती कुठे ठेवली ते विसरा, दुसरी फोडा. चहा कागदी ग्लासातच घ्या. आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो, पण नाव कागदाचं आहे ना! मग हाडं, भात, बाटल्या, ग्लास, वेदीवरची फुलं, सगळं एकाच काळ्या पिशवीत कोंबा आणि घरी जाऊन ग्रुपवर फोटो टाका.

सोमवारी सकाळी घंटागाडी आली. त्या माणसाने पिशवी उघडून पाहिली आणि म्हणाला, ओला-सुका वेगळा करा, मग घेतो. बरोबरच म्हणाला. गाडी गेली. दुपारपर्यंत कुत्र्यांनी पिशव्या फाडल्या आणि तुमचं प्रीतिभोजन गेटपासून मुलांच्या शब्बाथ शाळेच्या पायरीपर्यंत पसरलं. कंपाउंडात राहणाऱ्या मावशी खाली बसून ते निवडत होत्या. त्यांचे गुडघे कसे आहेत ते तुम्हाला माहीत आहे, दर रविवारी त्यांच्यासाठी प्रार्थना करता. मीही बसलो. आंबलेल्या भातातून ग्लास वेगळे करताना सेक्रेटरींना फोन लावला. ते म्हणाले, “फोटो मिळाले ना?”

महिला मंडळाने पैसे जमवून घेतलेली स्टीलची ताटं हॉलच्या कपाटात आहेत. कपाटाला कुलूप आहे. किल्ली कोणाकडे, हे विचारायचं नाही. विचारेल त्याच्यावर धुवायचं काम येतं.

पुरे झाली गंमत. घरी जेवून उठलात की ताट मोरीत नेऊन ठेवता ना? की सोफ्याखाली सरकवता? रामकुंडावरच्या कचऱ्याबद्दल उपासनेनंतर पायरीवर उभं राहून तावातावाने बोलता, तेव्हा तुमच्या हातात तोच ग्लास असतो आणि बोलणं संपल्यावर तो कठड्यावरच राहतो. मी पाहिलंय. एदेन बागेत माणसाला ठेवलं ते मशागत आणि राखण करायला. तुम्ही राखायला मावशींना ठेवलंय, आणि त्यांना शेवटच्या पंगतीत रस्सा उरत नाही.

कापणीच्या सणाला स्वतःचं ताट आणि पाण्याची बाटली घरून आणा. नसेल आणायचं तर कपाट उघडा आणि जेवलेल्याने आपलं ताट आपण धुवा, पाळकसाहेबांनीसुद्धा. दोन डबे ठेवा, कोणता कशाचा ते शब्बाथ शाळेतल्या पोरांना विचारा, त्यांना येतं. आणि ती किल्ली येत्या रविवारी घेऊन या. कोणाकडे आहे ते सगळ्यांना माहीत आहे.