दहावी पाहिजे की दहावी गल्ली?

गेल्या वर्षी ऐन गणपतीत ताईचा फोन आला. "पोरगं आठवीत गेलंय, आत्तापासनं दहावीचं बघायला पाहिजे, गणिताचे चांगले सर शोध की, तू कॉम्प्युटरमधला माणूस." कॉम्प्युटरमधला माणूस म्हणजे कोल्हापुरात प्रिंटरपासून पॅनकार्डापर्यंत सगळं ज्याच्या गळ्यात मारता येतं तो. दोन दिवस शोधलं तर मोठमोठे क्लासच सापडायला लागले, घरी चार पोरं घेऊन मन लावून शिकवणारे सर-मॅडम नेटवर कुठंच नाहीत. मग काय, डोक्यात किडा वळवळला की ही यादी आपणच करायची, अख्ख्या कोल्हापूरची. डोमेन घेतलं, होस्टिंग घेतलं, रात्री जागून साईट उभी केली. बायकोनं विचारलं, "भाच्याला सर मिळाले का?" म्हटलं थांब, आधी प्लॅटफॉर्म तयार होऊ दे.

साईट उभी राहिली पण आत माणूस नाही. पालक म्हणायचे, आधी सर किती आहेत ते सांग. सर म्हणायचे, आधी पालक किती येतात ते सांग. शेवटी गाडीला किक मारली आणि मंगळवार पेठेपासून फुलेवाडीपर्यंत दारोदार फिरलो. "पैसे किती घेणार?" "काही नाही, फुकट आहे." इथंच घोळ झाला. फुकट म्हटल्यावर समोरच्याचे डोळे बारीक व्हायचे, एका काकूंनी तर "फुकट कोण देतंय बाबा आजकाल" म्हणून पाणी पण न विचारता दार लावून घेतलं. कोल्हापुरात पाणी न विचारता माणूस परत पाठवला, म्हणजे केवढा संशय आला असेल बघा.

एक सर मात्र स्वतःहून भेटायला आले, अंधार पडल्यावर. शाळेत नोकरीला. आता 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या 28 व्या कलमात सरळ लिहिलंय की शिक्षकानं खाजगी शिकवणी घ्यायची नाही. सरांना ते माझ्यापेक्षा चांगलं पाठ. "नाव टाकू नको, फोटो नको, पत्ता नको, नंबर मिसेसचा टाक, पण प्रोफाईल जरा भारदस्त कर." म्हटलं सर, मग यादीत राहतंय काय? थोडा विचार करून म्हणाले, "अनुभव. 22 वर्षं." त्यांना नाही घेतलं, तर रस्त्यात दिसलो की आता मान फिरवतात.

हळूहळू फॉर्म भरून यायला लागले आणि एकेक फॉर्म म्हणजे एकेक नमुना. विषय: सर्व. फी: पोराकडं बघून. वेळ: जेवण सोडून कधीपण. पत्त्याच्या रकान्यात एकानं लिहिलं, "तालमीच्या मागं, कुणालाबी विचारा." अहो कुणालाबी विचारून सापडत असतं तर मी दोन महिने झोप घालवून हे कशाला केलं असतं! रिव्ह्यूची सोय केली तर पहिल्याच आठवड्यात एका सरांना पाच स्टार पडले आणि खाली लिहिलेलं, "आमचे जावई फार शांतपणे समजावून सांगतात." ते काही काढलं नाही मी. सासूबाईंकडनं एवढं मिळणं सोपं नाही.

पण खरा दणका बसला राजारामपुरीत. बाहेरच्यांसाठी सांगतो, राजारामपुरीतल्या गल्ल्या नंबरानं ओळखतात, पहिली, दुसरी, आठवी, दहावी, बारावी. इयत्तापण पहिली, दुसरी, आठवी, दहावी, बारावी. मी शहाण्यानं सर्चचा एकच डबा ठेवलेला, लिहाल तो शब्द अख्ख्या माहितीत शोधणारा, पत्त्यासकट. म्हणजे पालकानं "10वी" टाकलं की सगळ्यात वर कोण, तर राजारामपुरी 10वी गल्लीतले तबल्याचे गुरुजी. त्यात गल्ल्यांची यादी लावली तर कॉम्प्युटरच्या हिशोबानं आधी 10वी, 11वी, 12वी, त्यानंतर 1ली आणि मग 2री. नवीन आलेला रिक्षावालासुद्धा एवढी चूक करत नाही.

गुरुजींचा पहिला फोन आला तेव्हा आवाज तापलेला. "लेका, सकाळपासनं चार बायकांनी भूमितीचं विचारलंय. मी काय सांगू?" माफी मागितली, म्हटलं करतो दुरुस्त. पण त्या आठवड्यात ऑफिसचं काम, पुढच्या आठवड्यात घरचं एक लग्न, असं करत ते राहिलंच. गुरुजींचापण परत फोन नाही. मला वाटलं वैतागून सोडून दिलं असणार.

शेवटी एका रविवारी बसलो आणि इयत्ता वेगळी, भाग वेगळा असे दोन रकाने केले. "10वी" टाकलं की फक्त दहावीचे सर. इतकं बरं वाटलं की बाहेर जाऊन एक मिसळ खाऊन आलो, वर एक्स्ट्रा पाव.

आठ दिवसांनी गुरुजींचा फोन.

"काय केलंस रे तू?"

"गुरुजी, दुरुस्त केलं. आता भूमितीचे फोन येणार नाहीत."

"अरे, फोनच येईना झालाय! कुणी सांगितलं होतं तुला?"

"तुम्हीच की."

"ते तवा. आता सहा पोरं आल्यात माझ्याकडं, सगळी त्या चुकीतनं. आया गणिताचं विचारायच्या, मी सांगायचो, बीजगणित मला येत न्हाई, पण तीनताल सोळा मात्रांचा, तिहाई, म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून, बरोबर समेवर, पहिल्या मात्रेवर, आणायची म्हणजे हिशोबच की. आणि तबल्याच्या परीक्षा देत गेलं की दहावीला वाढीव गुण मिळत्यात. गुण म्हटल्यावर नाही कोण म्हणतंय? होतं तसं कर बघू."

"गुरुजी, अहो पण ती चूक होती..."

"असूं दे. आणि त्या सहातला एक तुझाच भाचा हाय."

मी ताईला फोन लावला. म्हटलं अगं, गणिताचं काय झालं?

"ते होईल की रे," ताई म्हणाली, मागनं धाड धाड आवाज येत होता. "जरा हळू बोल, तबल्यावर त्याचा कायदा बसायलाय."