एसीचंच पाणी असेल

वीस वर्षांची गाडी बाळगणाऱ्या पुणेकराला सकाळी पार्किंगमध्ये गाडीखाली ओलं दिसलं, तर त्याने सगळ्यात आधी काय करावं? इकडेतिकडे बघावं. कोणी नसेल तर ते चपलेने पसरवून टाकावं. पसरलेलं लवकर वाळतं, आणि वाळलेल्या गोष्टीवर सोसायटीच्या मीटिंगमध्ये ठराव होत नाही. कोणी बघत असेल तर जरा मोठ्यांदा "एसीचं पाणी" असं म्हणावं आणि जिना चढायला लागावं.

मी पाच महिने हेच केलं. त्या अनुभवाच्या जोरावर हे मार्गदर्शन करतो आहे. गाडी २००४ सालची, वडिलांनी घेतलेली. पंधरा वर्षं भरली तेव्हा २०१९ मध्ये पुन्हा पासिंग झालं, २०२४ मध्ये परत एकदा झालं, ग्रीन टॅक्सही भरला. सरकारदरबारी इतकी मान्यता असलेल्या गाडीवर गळतीचा संशय घेणं मला तरी प्रशस्त वाटत नव्हतं.

आता "एसीचं पाणी" हे उत्तर एवढं भक्कम का, ते समजून घ्या. एसी चालू असला की आतल्या गार जाळीवर हवेतली वाफ जमते आणि तिचं पाणी एका बारीक नळीतून खाली पडतं. आपल्याकडच्या गाड्यांत ही नळी बहुधा डाव्या अंगाला असते, पुढच्या सीटवर बसणाऱ्याच्या पायांच्या खाली. हे पाणी म्हणजे पाणीच. रंग नाही, वास नाही, बोटांत चोळलं तरी काही लागत नाही. कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रव, मात्र बुळबुळीत लागतं, त्याला गोडसर वास येतो आणि वाळलं की फरशीवर हिरवट नाहीतर पांढुरका पापुद्रा उरतो. म्हणजे दोघांतला फरक कळायला एक बोट आणि पाच सेकंद लागतात. तेवढ्यासाठीच बोट लावायचं नाही. माझी गळती जानेवारीत सुरू झाली. दिवाळीपासून एसीच्या बटणाला हात लागलेला नव्हता. अशा वेळी "एसीचं पाणी" हे चेहरा न हलवता म्हणायला थोडा रियाज लागतो. मला तीन दिवस लागले.

(एक गोष्ट मात्र थट्टा बाजूला ठेवून सांगतो. ते चाखून बघू नका. खालच्या मजल्यावरच्या काकांनी, जन्मभर आमटी चाखून मीठ सांगणाऱ्या माणसाच्या आत्मविश्वासाने, तसं सुचवलं होतं. कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल गोड असतं आणि विषारी असतं. कुत्री-मांजरं गोडाच्या आशेने चाटतात आणि त्यांची किडनी जाते. हे कळल्यापासून मी चपलेने पसरवणं बंद केलं आणि रोज बादलीभर पाण्याने धुवायला लागलो. या सगळ्या प्रकरणात माझ्या नावावर एवढं एकच सत्कृत्य आहे.)

फरशी रोज धुतलेली बघून सचिवांना संशय आला आणि पाटी लागली: "येथे गळक्या गाड्या लावू नयेत. गळकी गाडी ओळखण्यास कार्यकारिणी समर्थ आहे." पाटीवर नाव नव्हतं. बाण होता.

एक तज्ज्ञ शेजारी म्हणाले, रात्री गाडीखाली वर्तमानपत्र अंथरा, चाकं कुठे आहेत त्याच्या खुणा करा, सकाळी डाग कुठे पडलाय ते बघा. पुढे मधोमध असेल तर रेडिएटर किंवा त्याचे पाइप, पट्ट्यांच्या बाजूला असेल तर वॉटर पंप, पार मागे केबिनच्या भिंतीजवळ असेल तर प्रकरण वेगळं. ही पद्धत सोपी, फुकट आणि अचूक आहे, त्यामुळे तिच्यापासून विशेष सांभाळून राहा. मी एकदाच पेपर अंथरला. डाग अग्रलेखाच्या डाव्या कोपऱ्यात पडला. मी अग्रलेख वाचला, पटला नाही, आणि पेपर रद्दीत टाकला.

मग प्रश्न उरतो तो कूलंटच्या बाटलीचा. बॉनेट उघडलं की एक पांढरट प्लास्टिकची टाकी दिसते, तिच्यावर वरची आणि खालची अशा दोन रेघा असतात. पातळी बघायची ती गाडी गार असताना, असं पुस्तकात लिहिलेलं आहे. तुम्ही गाडी चालवून आल्या आल्या बघा. गरम झालेलं कूलंट फुगतं, बाटलीत वर चढतं, आणि आपण समाधानाने घरात जाऊन चहा पितो.

कमी झालंच तर ओतायचं काय? कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं, हे उत्तर कंपनीचं झालं. आमच्या सोसायटीत टँकरचं पाणी येतं, तेही बोअरचं. गीझरच्या कॉइलवर जे पांढरं पीठ बसतं ते याच पाण्याचं. मी तेच ओतत राहिलो. कूलंट विकत घ्यायची वेळ आली तेव्हा आधीचं हिरवं होतं म्हणून हिरवंच आणलं. रंगावरून आतलं रसायन कळत नाही आणि भलती दोन एकत्र आली तर गाळ धरू शकतो, हे त्या दुकानदारालाही माहीत होतं. पण त्याने विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. पुण्यात दुकानात असंच असतं.

हळदीचा प्रयोगही झाला. रेडिएटरला बारीक भोक पडलं की चमचाभर हळद टाकायची, हा ट्रकवाल्यांचा जुना तोडगा. सासूबाईंना तो लगेच पटला. जखम म्हटली की हळद आलीच. हळद भोकात बसते हे खरं, पण आत जिथे जिथे बारीक नळ्या असतात तिथेही बसते, आणि गाडीला भोक कुठलं आणि नळी कुठली हे तिला कोणी सांगितलेलं नसतं. दोन दिवस गळती थांबली. माझा आयुर्वेदावरचा विश्वास वाढला. तिसऱ्या दिवशी थारोळं पिवळं झालं.

आता झाकणाबद्दल, कारण इथे मी खरी कमाल केली. आपण समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचावर राहतो, त्यामुळे पुण्यात पाणी शंभर अंशांची वाट बघत नाही, अठ्ठ्याण्णवलाच उकळतं. इथल्या माणसांना तेवढीही वाट बघवत नाही, पण ते असो. गाडीत पाणी असं उकळून चालत नाही, म्हणून रेडिएटरचं झाकण कुकरच्या शिट्टीसारखं आत दाब धरून ठेवतं. दाब वाढला की उकळबिंदू वर जातो, आणि आतलं मिश्रण एकशेवीस अंशांच्या वर जाईपर्यंत उकळत नाही. झाकणाचं रबर कडक झालं की दाब टिकत नाही आणि पाणी बाटलीतून ओसंडतं. म्हणून गळती असली की आधी झाकण तपासावं. सगळ्यात स्वस्त संशयित तोच. मीही झाकण बदललं. रविवारी जुन्या बाजारात गेलो आणि घट्ट बसणारं एक घेऊन आलो. मूळ झाकणावर दाबाचा आकडा ०.९ लिहिला होता, यावर १.१. जास्त मिळत असताना कमी का घ्या? वाढलेला दाब मग वीस वर्षांच्या सगळ्या पाइपांतून आणि जोडांतून हिंडला आणि जो आधीच थकला होता त्याला त्याने पुरतं गाठलं.

याच सुमारास मेकॅनिककडे जावं. फार लवकर गेलात तर तो गळती शोधून देण्याचा धोका असतो.

मेकॅनिकने बॉनेट उघडलं, आत न बघता माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "साहेब, पंप."

वॉटर पंपाच्या बुडाशी मुद्दाम एक बारीक भोक ठेवलेलं असतं. आतलं सील गेलं की पाणी तिथून ठिबकतं, म्हणजे पंप स्वतःच चुगली करतो. टॉर्च आणि छोटा आरसा असला तर मिनिटभरात दिसतं. आम्ही दोघेही पंपाच्या खासगी आयुष्यात डोकावलो नाही. नाना पेठेतून मी नवा पंप आणला, बसवला, गळती कायम. मग वरचा होज पाइप. मग खालचा. मग क्लिपा. मग रेडिएटर, कारण "आता तेवढंच राहिलंय ना साहेब". प्रत्येक वेळी तो एकच वाक्य म्हणायचा: "आता बघा चालवून." मी चालवून बघायचो आणि सकाळी फरशी धुवायचो.

त्याच्या मागच्या फळीवर एक लाल पेटी होती, धूळ बसलेली. तिच्यात हातपंप आणि दाबाचा काटा होता. रेडिएटरच्या तोंडावर ते लावायचं, झाकणावर लिहिलेल्या आकड्याइतका दाब द्यायचा आणि इंजिन बंद ठेवून बघत बसायचं. काटा उतरला तर गळती आहे, आणि बहुतेक वेळा ती कुठे आहे तेही तिथल्या तिथे दिसतं. त्या पेटीबद्दल मी कधी विचारलं नाही. तुम्हीही विचारू नका. एवढे सगळे नवे भाग आपल्याला बसवून मिळाले, ते त्या पेटीच्या कृपेने मिळाले नसते.

दरम्यान गाडीच्या आत काही किरकोळ गोष्टी घडत होत्या. त्या तुमच्या गाडीतही घडल्या तर त्यांची उत्तरं माझ्याकडून तयार घेऊन ठेवा. डाव्या बाजूचं मॅट ओलं: मुलाची पाण्याची बाटली सांडली. पुढची काच आतून तेलकट, पुसली तरी पुन्हा धुरकट: डॅशबोर्डचं पॉलिश उडतंय. गोडसर वास: चैत्रात पन्हं सांडलं होतं. तिन्ही उत्तरं आपापल्या जागी बिनतोड होती. तिन्ही गोष्टी एकाच महिन्यात का घडल्या, हा प्रश्न बायकोने विचारला होता. मी म्हणालो, "योगायोग." ती म्हणाली, "तुमच्या घराण्यात योगायोग फार."

मे महिन्यात साताऱ्याला लग्न होतं. खंबाटकीच्या पायथ्याशी तापमानाचा काटा अर्ध्यावर होता, दुसऱ्या वळणाला तो लाल रेघेकडे निघाला. शेजारी मेहुणे होते. गाडीचं त्यांना ज्ञान आहे, गाडी नाही. ते म्हणाले, "हीटर फुल्ल लाव. इंजिनची उष्णता आत ओढून घेतो." हे शास्त्रीयदृष्ट्या बरोबर आहे. हीटर म्हणजे केबिनमध्ये बसवलेला छोटा रेडिएटरच. तोच गरम कूलंट त्यातून फिरतो. म्हणून चढावर, मे महिन्यात, दुपारी एक वाजता, मागे दोन पैठण्या आणि एक आजी बसलेल्या असताना मी हीटर फुल्ल लावला.

जाळीतून गोड धुकं आलं. काच पांढरी झाली. आजी म्हणाल्या, "कोणी गुळाचा पाक केलाय का?"

मी काच पुसत असताना काटा खाली उतरायला लागला. पार खाली, थंडीच्या दिवसांत असतो तिथे. गाडीत टाळ्या वाजल्या. मेहुण्यांनी पाठ थोपटून घेतली, स्वतःचीच. तुमच्यावर असा प्रसंग आला तर टाळ्या वाजवून घ्या, कारण पुढे संधी मिळत नाही. तापमान सांगणारा सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच बरोबर सांगतो. पाणीच संपलं की तो नुसत्या वाफेत लोंबकळतो आणि कमी आकडा दाखवू शकतो. काटा खाली आला होता तो मोजायला काही उरलं नव्हतं म्हणून.

इंजिन कण्हलं आणि थांबलं. मेहुणे टॉवेल घेऊन रेडिएटरचं झाकण उघडायला निघाले, तेव्हा बहिणीने त्यांना कॉलरला धरून मागे ओढलं. गरम असताना ते झाकण उघडलं की उकळतं पाणी सरळ तोंडावर येतं. इंजिन हाताला गार लागेपर्यंत तिकडे फिरकायचंच नसतं. तासाभराने ऑइलचं झाकण काढलं तर खाली मस्तानीसारखा फेस, म्हणजे ऑइलमध्ये पाणी शिरलेलं. डेक्कनपर्यंतच्या छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत थोडा फेस दमटपणानेही येतो, असं मी म्हणून बघितलं. कोणी ऐकलं नाही. लग्न आम्ही फोनवर बघितलं.

गाडी उचलून पुण्यात आणली. इंजिनच्या जोडातलं गॅस्केट उडालं होतं, इंजिनचं वरचं हेड वाकलं होतं, ते फेसिंगला लेथवाल्याकडे गेलं. सगळं परत जोडून झाल्यावर मेकॅनिकने, खर्च इतका झालाच आहे तर अशा सुरात, लाल पेटी खाली काढली. दाब दिला. काटा हळूहळू उतरला. इंजिनखाली एक थेंब नाही. मग त्याने डावं मॅट उचललं, खालचा गालिचा दाबला, आणि हिरवं पाणी बोटांतून वर आलं. हीटरची जाळी फुटलेली होती. ती एसीच्या जाळीच्या शेजारी, त्याच डब्यात असते. फुटली की काही पाणी मॅटखाली मुरतं, आणि उरलेलं त्या डब्याच्या नळीतून बाहेर पडतं. म्हणजे एसीच्याच नळीतून. डाव्या अंगाला.

मी तिथूनच सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं, "पाणी एसीच्याच नळीतून येत होतं. तज्ज्ञांनी खात्री केली."

मेकॅनिकने हीटरचे दोन पाइप एकमेकांना जोडून टाकले, हीटर कायमचा बाद. पंधरा मिनिटांचं काम. "पुण्यात हीटर कोण लावतं साहेब?" मी म्हणालो, ही पेटी जानेवारीतच का नाही काढली? त्याने हात पुसत सांगितलं, "तुम्हीच म्हणत होता ना, एसीचं पाणी आहे म्हणून."

गाडी लेथवाल्याच्या वाटेवर असताना माझी पार्किंगची जागा महिनाभर मोकळी होती. तिसऱ्या मजल्यावरच्यांनी त्यांची नवीकोरी गाडी तिथे लावली. एका सकाळी तिच्याखाली थारोळं दिसलं. ते जिन्यात उभे होते, मला बघून घाईने म्हणाले, "एसीचं पाणी आहे."

मी काहीच बोललो नाही. ते वर गेल्यावर वाकलो, बोट बुडवलं, चोळून बघितलं, वास घेतला. खरंच एसीचं होतं. फार वाईट वाटलं.