टोक वर, टोक खाली

बेळगावात पाट्यांवरून मोर्चे निघतात. कुठली भाषा वर, कुठली खाली, अक्षर केवढं, हे आमच्याकडे राजकारण असतं. २०२४ पासून तर दुकानाच्या फलकावर ६० टक्के कन्नड हवं असा कायदाच आहे. त्यामुळे कुणी अक्षरांऐवजी नुसतं चित्र काढून ठेवलं की मला फार बरं वाटायचं. चित्र बिचारं ना इकडचं, ना तिकडचं. मी मराठी शाळेतला. कन्नड बाजारापुरतं बोलतो, वाचता मात्र येत नाही. आकडे तेवढे ओळखतो, तेही बस चुकून चुकून.

तर भाचीच्या साखरपुड्याचं जेवण होतं, टिळकवाडीतल्या एका नव्याकोऱ्या हॉटेलात. मठ्ठा झकास होता. व्याही आग्रह करत होते आणि मठ्ठ्याला नाही कोण म्हणतं, म्हणून तीन ग्लास झाले. वर कुंदा, त्याच्यावर पुन्हा पाणी. मग व्हायचं ते व्हायला लागलं आणि मी हात धुण्याच्या जागेपलीकडच्या बोळात शिरलो.

शेजारी शेजारी दोन दारं. दोन्ही काळी. एकावर पितळेचा त्रिकोण, टोक वर. दुसऱ्यावर तोच त्रिकोण, टोक खाली. बस्स. पूर्वी थेटरात कसं, एका दारावर फेटा आणि मिशा, दुसऱ्यावर अंबाडा आणि कुंकू, अडाण्यालाही कळायचं. हॉटेलचा पोरगा ताटं घेऊन चालला होता. त्याला विचारलं, "तम्मा, गंडसरदु यावदु?" म्हणजे बाळा, पुरुषांचं कुठलं? तो बघतच राहिला. आसामहून येऊन त्याला चारच दिवस झाले होते. "भैया, दोनों बाथरूम है," म्हणाला आणि गेला.

मग मी विचार करायला लागलो. तिथंच घात झाला.

त्रिकोणाचं आणि माझं जुनं वैर. लहानपणी खानापूरच्या बाजूला आजोळी जाताना एका दवाखान्याच्या भिंतीवर भला मोठा लाल त्रिकोण दिसायचा, टोक खाली, बाजूला कन्नडमधून काहीतरी. बाबांना विचारलं, हे काय? बाबा इकडंतिकडं बघून म्हणाले, "रहदारीचा नियम आहे." आठवीत गेल्यावर एका मित्रानं खरा अर्थ सांगितला. कुटुंब नियोजन. कन्नड वाक्यही त्यानंच वाचून दाखवलं: 'आरतिगोब्ब मगळु, कीर्तिगोब्ब मग', म्हणजे आरती ओवाळायला एक मुलगी, कीर्ती मिळवायला एक मुलगा. पुढं स्कूटरच्या परवान्याला गेलो. साहेबांनी तक्त्यावर छडी ठेवली. उलटा त्रिकोण, लाल काठाचा. बोला, हे काय? बाबांनी एकदा फसवलं होतं, आता मी फसणार नव्हतो. मान खाली घालून म्हणालो, "दोन मुलं पुरेत."

साहेब म्हणाले, "ते घरात. रस्त्यावर ह्याचा अर्थ समोरच्याला आधी जाऊ दे."

टोक वर असलेला त्रिकोण सावधगिरीचा, हेही त्यांनीच घोकून घेतलं. पुढं वळण, पुढं शाळा, पुढं फाटक नसलेलं रेल्वे क्रॉसिंग. त्या शेवटच्यावर अजून वाफेचं इंजिन काढतात. रुळांवरून गेलं, पाटीवर राहिलं.

मेव्हण्याच्या गाडीतही लाल त्रिकोणाचं एक बटण आहे. गाडी वाटेत बंद पडली तर मागच्यांना कळावं म्हणून. मेव्हणा ते चौकात सरळ जायचं असलं की दाबतो. डावीकडं एक दिवा, उजवीकडं एक दिवा, मग सरळसाठी दोन्ही, असं त्याचं गणित. त्याला अजून कुणी धडकलं नाही, त्यामुळे गणित बरोबर आहे असं तो म्हणतो. शर्टाच्या आतल्या पट्टीवरचा त्रिकोण निराळाच, तो ब्लीचचा; त्यावर फुली असेल तर ब्लीच नको. मला तो 'इस्त्रीचं टोक वर धरा' असा वाटत होता. एक शर्ट गेला.

आईची तऱ्हा आणखी वेगळी. श्रीखंडाच्या डब्याच्या बुडाला बाणांचा त्रिकोण आणि आत ५. आई म्हणायची, पाच वेळा वापरायचा. १९७० साली अमेरिकेत गॅरी अँडरसन नावाच्या विद्यार्थ्यानं ते बाण काढले, आणि आतला आकडा प्लॅस्टिक कुठल्या जातीचं ते सांगतो, १ ते ७; हे सगळं मी तिला समजावलं. तिनं ऐकून घेतलं. "बरं, मग पाच कशाला लिहिलाय?" म्हणाली आणि डब्यात मेतकूट भरलं. तो डबा आज पंधरा वर्षं चाललाय.

इतकं सगळं आठवेस्तोवर मी बोळात एका पायावरून दुसऱ्या पायावर आलो होतो. आता निर्णय हवा होता. टोक वर म्हणजे खाली पसरलेला घागरा, तेव्हा बायका. टोक खाली म्हणजे रुंद खांदे नि बारीक कंबर, तेव्हा पुरुष. हे पटण्यासारखं होतं. पण बाजूच्या काचेत मी दिसलो. वर निमुळता, खाली पसरट. आम्ही पुरुष नाही काय? शिवाय पुतण्यानं एकदा सांगितलेलं, पोलंडात त्रिकोण पुरुषांचा नि गोल बायकांचा. त्या हिशेबानं इथं बायकांची सोयच नव्हती. आणि मग श्रीयंत्र आठवलं. नऊ त्रिकोण, वर टोकाचे चार शिवाचे, खाली टोकाचे पाच शक्तीचे. झालं! टोक वर म्हणजे शिव. कपिलेश्वराच्या गावात हाच अर्थ असणार.

तेवढ्यात मागून काका आले. काका माळकरी, कार्तिकीची वारी चुकवत नाहीत. त्यांना लाल, हिरवा, तपकिरी ह्यांतला फरक कळत नाही, जन्मापासून. पुडीवरचा हिरवा ठिपका शाकाहारी आणि तपकिरी मांसाहारी हे त्यांना सारखंच दिसायचं. एकदा अंड्याचा केक खाल्ला आणि त्यापायी महिनाभर एकभुक्त राहिले. २०२० मध्ये नवा नियम झाला: मांसाहाराला ठिपका नको, चौकटीत त्रिकोण हवा, टोक वर. रंग न कळणाऱ्यांचीच सोय. तेव्हापासून काका पुडी डोळ्यांसमोर धरून नुसतं टोक शोधतात.

काकांनी दोन्ही दारांकडं एकदाच पाहिलं. वरच्या टोकाच्या दारावर बोट रोखून म्हणाले, "हे मांसाहारी. मी जात नाही," आणि माळ सावरत दुसऱ्या दारानं आत गेले.

मला हसू आलं. ह्या वयात माणसाची कीव येते. मी श्रीयंत्र स्मरून शिवाचं दार ढकललं.

आत आरशासमोर विहीणबाई पदराला पिन लावत होत्या. दुसरी पिन ओठांत होती म्हणून ओरडता आलं नाही, एवढीच देवाची कृपा. मी म्हणालो, "नमस्कार. जेवण झालं का?" त्यांनी मान हलवली. झालं म्हणून की जा म्हणून, ते मी विचारलं नाही. बाहेर आलो तर काका रुमालाला हात पुसत उभे होते, चेहरा प्रसन्न. "काय करालास रे हितं? आत स्वच्छ आहे की, जा जा."

साखरपुडा मोडला नाही. दोन आठवड्यांनी लग्नाचा मेनू ठरवायला आम्ही पुन्हा त्याच हॉटेलात. तक्रार बहुधा विहीणबाईंच्या बाजूनं वर पोचली असावी, कारण मालकानं सुधारणा केली होती. दोन्ही दारांवर त्रिकोण झाकून ठसठशीत स्टिकर लावले होते, अक्षरांत. शंभर टक्के कन्नड. दोन्ही शब्द सारख्याच लांबीचे आणि शेवटची दोन अक्षरंही तीच.

मी उभाच. मागून काका आले. एक दार पाहिलं, दुसरं पाहिलं, चष्मा वर करून पुन्हा पाहिलं.

"आता रे?" ते हळूच म्हणाले. "ह्यातलं शाकाहारी कुठलं?"